एका राष्ट्राचा चेहरा : चिप्स रॅफर्टी

एखाद्या राष्ट्राचा इतिहास लिहावयास बसलें असतां मुत्सद्दी, सेनापति आणि कवि ह्यांचीं नांवें आपोआप लेखणीवर येतात. नटांचीं मात्र येत नाहींत. रंगभूमीवरील नटाला निदान वाङ्मयाच्या इतिहासांत एखादा परिच्छेद मिळतो, पण पडद्यावरील नट हा बाजारांतला माल समजून इतिहासकार त्याला ओलांडून पुढें जातात. ऑस्ट्रेलियाच्या बाबतींत ही रीत पाळणाऱ्यास त्या देशाच्या विसाव्या शतकांतील मनाचा मोठाच भाग अंधारांत ठेवावा लागेल, असें आमचें मत आहे. कारण १९४० पासून १९७१ पर्यंत, म्हणजे उणींपुरीं तीस वर्षें, तो देश जगाला, आणि बव्हंशीं स्वतःलाही, पडद्यावर दिसे तो एकाच माणसाच्या रूपानें. त्या माणसाचें नांव चिप्स रॅफर्टी.

हें नांव अर्थात् जन्माचें नव्हे. आईबापांनीं ठेवलेलें नांव जॉन विल्यम पिल्बीन गॉफेज. त्याचा जन्म न्यू साउथ वेल्स प्रांताच्या अगदीं पश्चिमेस असलेल्या ब्रोकन हिल ह्या गांवीं २६ मार्च १९०९ रोजीं झाला. ब्रोकन हिल म्हणजे रुपें, शिसें आणि जस्त ह्यांच्या खाणींवर उभें राहिलेलें, चोहों बाजूंनीं तांबड्या माळानें वेढलेलें गांव. ज्या महिन्यांत हें मूल जन्मास आलें त्या महिन्यांत तेथील एका बड्या कंपनीनें मजुरीच्या तंट्यापायीं खाणीचीं दारें कामगारांस बंद केलेलीं होतीं. ह्या गांवाचें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें; लेखाच्या अखेरीस तें पुन्हां येणार आहे.

तरुणपणीं रॅफर्टीनें पोटासाठीं नाना धंदे केले. मेंढरांची लोकर कातरली, गुरें हांकलीं, ओपलच्या खाणींत खणलें, मोत्यांच्या शिंपांसाठीं समुद्रांत बुड्या मारल्या. नटांच्या पूर्वचरित्रांत जाहिरातवाल्यांची लेखणी थोडीबहुत फिरतेच, हें आम्ही जाणून आहों. तरी त्याच्या हातांकडे, चालण्याकडे आणि घोड्यावर बसण्याच्या ढबेकडे पाहतां हा मनुष्य केवळ स्टुडिओंत घडलेला नाहीं अशी खात्री पटते. उंची साडेसहा फुटांच्या जवळपास, अंगानें शिडशिडीत, चेहरा लांबोडा, डोळे सदैव उन्हाकडे पाहत असल्यासारखे बारीक केलेले. तिशीच्या सुमारास, १९३९ मध्यें, तो सिडनीच्या सिनेसाउंड कंपनीच्या चित्रांत किरकोळ कामें करूं लागला. एखाद्या दारांत उभा राहिला कीं दाराची चौकट ठेंगणी वाटावी, एवढेंच काय तें त्याचें तेव्हांचें भांडवल.

येथें थोडें विषयांतर करून त्या देशांतील चित्रपटधंद्याची स्थिति सांगणें अवश्य आहे. त्याविना ह्या चरित्रांतील खेद कळावयाचा नाहीं. ऑस्ट्रेलियाचा आरंभ आपल्याहून आधींचा. मेलबोर्न शहरांत १९०६ च्या नाताळांत केली नांवाच्या दरोडेखोराच्या टोळीवर रचलेला तासाहून अधिक लांबीचा चित्रपट दाखविण्यांत आला. इतक्या लांबीचा कथापट जगांत तोपर्यंत झालेला नव्हता, असें चित्रपटाचे इतिहासकार मानतात. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला तो १९१३ सालीं. म्हणजे सात वर्षांची आघाडी त्यांच्याकडे होती. परंतु थोड्याच काळांत चित्रगृहांचे मालक आणि चित्रें वांटणारे व्यापारी एक झाले, आणि अमेरिकेहून आलेलें तयार चित्र घरच्या चित्राहून स्वस्त पडतें हा हिशेब त्यांना पटला. सरकारनें १९२७ मध्यें ह्या प्रकरणीं एक शाही आयोग नेमला. त्यानें साक्षी घेतल्या, मोठा अहवाल लिहिला, आणि धंदा होता तेथेंच राहिला.

मग बोलपट आला. आमच्या मतें दोन देशांचे मार्ग येथें निश्चितपणें फुटले. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ सालीं मराठींत बोलूं लागला आणि त्या बोलण्याला हॉलिवूडजवळ उत्तर नव्हतें. आपल्या भाषेचें दुर्गासारखें संरक्षण आपल्या चित्रपटांस मिळालें. सिडनीच्या प्रेक्षकाची भाषा मात्र तीच होती जी हॉलिवूडची. तटबंदीच नाहीं तेथें वेढ्याची गरज काय? गंमत अशी कीं, ह्याच देशांत पर्थ येथें १९०८ सालीं जन्मलेली आणि लहानपणींच हिंदुस्थानांत आलेली मेरी एव्हान्स ही मुलगी पुढें मुंबईस वाडिया बंधूंच्या कंपनींत ‘नादिया’ ह्या नांवानें गाजली. तिची ‘हंटरवाली’ १९३५ सालीं आली त्या वेळीं तिच्याहून एका वर्षानें लहान असलेल्या रॅफर्टीला स्वदेशांत पडदा दिसलाही नव्हता.

त्याला पडदा मिळाला तो युद्धामुळें. चार्ल्स शोव्हेल ह्या दिग्दर्शकानें १९४० मध्यें ‘फॉर्टी थाउजंड हॉर्समेन’ हें चित्र काढलें. विषय पहिल्या महायुद्धांतील बीरशेबाची चढाई. ३१ ऑक्टोबर १९१७ रोजीं सूर्यास्ताच्या सुमारास ऑस्ट्रेलियन घोडेस्वारांनीं हातांत नुसत्या संगिनी घेऊन तुर्की खंदकांवर घोडे घातले आणि गांवांतील विहिरी हस्तगत केल्या. त्या सैन्याचा सेनापति सर हॅरी शोव्हेल हा दिग्दर्शकाचा चुलता. म्हणजे पुतण्यानें चुलत्याचा पराक्रम पडद्यावर आणला, आणि पॅलेस्टाइनचें वाळवंट सिडनीजवळच्या क्रोनला येथील वाळूच्या टेकड्यांत उभें केलें. कथेंत तीन सोबती आहेत. नायक ग्रँट टेलर. रॅफर्टीकडे आलें तें विनोदी सोबत्याचें काम. प्रेक्षक घरीं गेले ते मात्र ह्या लंबू सोबत्याची आठवण घेऊन. चित्र लागलें तेव्हां खरे ऑस्ट्रेलियन शिपाई लिबियाच्या वाळूंत इटालियनांशीं झुंजण्याच्या तयारींत होते. त्यांच्या घरच्यांना आपला मुलगा कसा हंसत असेल, कसा शिव्या देत असेल, हें रॅफर्टीकडे पाहून कळे. शोव्हेलनेंच १९४४ मध्यें ‘द रॅट्स ऑफ टोब्रुक’ काढलें. टोब्रुकच्या त्या वेढ्यांत आपल्या सैन्याचें अठरावें घोडदळही पायउतार होऊन लढलें होतें, एवढें मराठी वाचकांस जातां जातां सांगावेंसें वाटतें. ह्या चित्रांत रॅफर्टीबरोबर पीटर फिंच हा तरुण नट होता. कसलेल्या वाचेचा, अंतर्मुख, रॅफर्टीच्या अगदीं उलट वळणाचा. फिंच पुढें इंग्लंडास गेला आणि जगप्रसिद्ध झाला. रॅफर्टी राहिला.

त्याची खरी कीर्ति ‘दि ओव्हरलँडर्स’ ह्या १९४६ च्या चित्रानें झाली, आणि तें चित्र इंग्रजांच्या पैशाचें होतें. युद्धांत आपण एवढें करीत असतां लंडनचें प्रचारखातें आपल्याला विसरलें, अशी तक्रार ऑस्ट्रेलियन सरकारनें केल्यावर ईलिंग स्टुडिओनें हॅरी वॉट ह्या दिग्दर्शकाला तिकडे पाठविलें. वॉट माहितीपटांत तयार झालेला. खरी घडलेली गोष्ट खऱ्या जागीं जाऊन टिपावी हा त्याचा बाणा. त्याला गोष्ट सांपडली ती अशी. १९४२ च्या फेब्रुवारींत सिंगापूर पडलें, चार दिवसांनीं डार्विनवर जपानी बाँब पडले, आणि उत्तर किनारा शत्रूच्या हातीं जाणार अशी सर्वांची समजूत झाली. मग तेथील गुराढोरांचें काय करावयाचें? मारून टाकावीं, कीं खंड ओलांडून दक्षिणेकडे न्यावीं? गुराख्यांनीं तीं नेलीं. चित्रांत डॅन मॅकअल्पाइन नांवाचा गुराख्यांचा नाईक विंडम बंदरावरून हजार गुरें घेऊन निघतो आणि दीड हजार मैलांहून अधिक पायपीट करून तीं क्वीन्सलंडांत पोंचवितो.

ह्या चित्रांत शत्रूशीं लढाई नाहीं. आहे तें पाणी शोधणें, बुजलेलीं गुरें आवरणें आणि मगरींच्या नदींतून तीं पार करणें. रॅफर्टीचा मॅकअल्पाइन फारसें बोलत नाहीं. तो टोपी मागें सारतो, क्षितिजाकडे पाहतो, कांहींतरी ठरवितो, आणि मग दोन शब्दांत सांगतो. नाटकी अभिनयाच्या दृष्टीनें हा अभिनयच नव्हे असें कोणी म्हणेल. आमचें म्हणणें असें कीं पडद्याला हीच वस्तु हवी असते आणि ती शिकवून येत नाहीं. विलायतेंत चित्र गाजलें. रेशनवर जगणाऱ्या, धुक्यानें आणि बाँबच्या ढिगाऱ्यांनीं कंटाळलेल्या लंडनच्या लोकांना तें ऊन आणि ती मोकळीक अमृतासारखी वाटली असल्यास नवल नाहीं. ऑस्ट्रेलियनांनाही तें आवडलें. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. त्या देशाची बहुसंख्य वस्ती तेव्हांही किनाऱ्यावरच्या शहरांत, ट्रॅमनें कचेरीस जाणारी होती. पडद्यावरचा हा उंच, निर्भय, मितभाषी गुराखी म्हणजे आपणच, असें ह्या कारकुनांनीं आणि दुकानदारांनीं ठरवून टाकलें. राष्ट्रें आपला चेहरा अशीच निवडतात. आम्हीं नाहीं का शहरांत राहून मावळ्यांचे पोवाडे ऐकले?

ईलिंगनें मग सिडनींत बस्तान बसविलें. १९४९ च्या ‘युरेका स्टॉकेड’मध्यें रॅफर्टीला पीटर लेलॉरची भूमिका दिली. बॅलरॅटच्या सोन्याच्या खाणींवर परवान्याच्या जुलमाविरुद्ध खणकऱ्यांनीं तटबंदी उभारली, आणि ३ डिसेंबर १८५४ च्या पहाटे सरकारी फौजेनें ती अल्पावधींत मोडली. त्या बंडाचा हा आयरिश पुढारी. लढाईंत त्याचा हात गेला आणि पुढें तोच मनुष्य व्हिक्टोरियाच्या विधिमंडळाचा अध्यक्ष झाला. लेलॉर हा सभा जिंकणारा मनुष्य, आणि वक्तृत्व हा रॅफर्टीचा प्रांत नव्हे. चित्र पडलें. त्यानंतरचें ‘बिटर स्प्रिंग्ज’ (१९५०) ह्याहून फार महत्त्वाचें आहे, आणि त्याची आठवण फारशी कोणी काढीत नाहीं ह्याचें आम्हांस वाईट वाटतें. त्यांत रॅफर्टी हा सरकारी कागदावर जमीन मिळविलेला मेंढपाळ आहे. सहाशें मैल मेंढरें हांकीत तो आपल्या जागीं पोंचतो आणि पाहतो तों तेथील एकुलत्या पाणवठ्यावर मूळ रहिवाशांची टोळी पिढ्यान् पिढ्या नांदत आलेली. कागद खरा, कीं पाणी पिणारे खरे? चित्रकर्त्यांनीं शेवटीं घाईनें सलोखा घडवून आणला आहे आणि तो पटत नाहीं. पण मधल्या भागांत मॅकअल्पाइनचाच तो खंबीरपणा, तीच अढळ नजर, आतां हट्ट आणि अन्याय होऊन दिसूं लागते. ज्या गुणांसाठीं हा चेहरा राष्ट्रानें निवडला होता, त्यांची दुसरी बाजू येथें प्रथम उजेडांत आली.

ह्याच सुमारास हॉलिवूडची एक कंपनी येऊन ‘कांगारू’ (१९५२) नांवाचें रंगीत चित्र काढून गेली. नायक-नायिका परदेशाहून आलेलीं, आणि रॅफर्टी पोलिसाच्या दुय्यम कामांत. हें त्याच्या मनाला लागलें असलें पाहिजे. आपल्या देशाचीं चित्रें आपण काढावीं म्हणून त्यानें भांडवल उभें करण्याचा घाट घातला. परंतु मेन्झीस सरकारनें १९५१ मध्यें असा निर्बंध घातला होता कीं राष्ट्राला अवश्य नसलेल्या धंद्यांनीं दहा हजार पौंडांहून अधिक भांडवल परवानगीवांचून उभारूं नये, आणि चित्रपट हा अनवश्य धंद्यांत पडला! दहा वर्षें ज्याच्या चेहऱ्यावर सरकारनें आणि जनतेनें आपला अभिमान टांगला, त्याला सरकारी खातें सांगतें कीं तुझा धंदा देशाला नको आहे. आम्हांला येथें पुन्हां फाळक्यांची आठवण होते. फरक एवढाच कीं फाळक्यांनीं पैसा गमावण्यापूर्वीं एक धंदा उभा तरी करून दाखविला.

रॅफर्टीनें हार मानली नाहीं. ली रॉबिन्सन ह्या दिग्दर्शकाशीं भागी करून त्यानें त्या मर्यादेच्या जवळपासच्या तुटपुंज्या पैशांत ‘द फँटम स्टॉकमन’ (१९५३) काढलें. स्टुडिओ परवडत नाहीं म्हणून सर्व चित्रण अॅलिस स्प्रिंग्जच्या परिसरांत उघड्यावर केलें. त्यांत अॅल्बर्ट नमाचिरा हा सुप्रसिद्ध आदिवासी चित्रकार स्वतःच्याच रूपांत दिसतो. ज्याचीं निसर्गचित्रें श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत लटकत होतीं त्या कलावंतास तेव्हां नागरिकत्वाचे पूर्ण हक्क नव्हते. ते १९५७ त मिळाले, आणि पुढच्याच वर्षीं आपल्या नातलगाला दारू दिली ह्या गुन्ह्याखालीं त्याला शिक्षा झाली. १९५९ सालीं तो वारला. रॅफर्टीच्या त्या साध्या चित्राला ह्या दोन क्षणांमुळें इतिहासाचें मोल आलें आहे.

चित्र परदेशीं विकून नफा झाला. मग टॉरेस सामुद्रधुनींतील थर्सडे बेटावर ‘किंग ऑफ दि कोरल सी’ (१९५४) निघालें. त्यांत रॉड टेलर हा तरुण प्रथमच मोठ्या चित्रांत आला आणि लवकरच हॉलिवूडला गेला. त्यानंतर फ्रेंच कंपनीच्या भागींत न्यू गिनीच्या डोंगरांत ‘वॉक इंटु पॅरडाइज’ (१९५६). अमेरिकन व्यापाऱ्यानें ह्याचें नांव बदलून स्वर्गाच्या जागीं नरक घातला आणि तो भरपूर खपविला. पण फ्रेंच भागीबरोबर फ्रेंच नट आले, फ्रेंच कथा आल्या, आणि पुढचीं चित्रें ताहितीस काढण्यांत आलीं. ऑस्ट्रेलियाचीं चित्रें ऑस्ट्रेलियानें काढावीं ह्या हेतूनें निघालेली कंपनी पॅसिफिकमधल्या फ्रेंच बेटावर पॅरिसच्या प्रेक्षकांसाठीं भावनाप्रधान कथा चित्रित करीत बसली, ह्याहून मोठी थट्टा ती कोणती! दरम्यान १९५६ च्या सप्टेंबरांत सिडनींत दूरचित्रवाणी सुरू झाली आणि प्रेक्षक घरीं बसला. १९५९ च्या सुमारास कंपनी बुडाली व रॅफर्टीचा पैसाही बुडाला.

पुढचीं दहा वर्षें त्यानें मिळेल तें काम केलें. ‘म्यूटिनी ऑन द बाउंटी’च्या (१९६२) खलाशांत तो आहे, एल्विस प्रेस्लीच्या एका चित्रांत आहे, अमेरिकन दूरचित्रवाणीच्या मालिकांत आहे. १९६३ सालीं सेनेटच्या समितीनें स्वदेशी चित्रनिर्मितीस साहाय्य करावें अशी शिफारस केली. सरकारनें ती बासनांत बांधून ठेवली. १९६६ चें ‘दे आर अ वीअर्ड मॉब’ हें मात्र विसरूं नये. एक इटालियन स्थलांतरित सिडनीला येतो, गवंडीकाम करतो, आणि हॅरी केली नांवाच्या खडूस कंत्राटदाराच्या मुलीवर प्रेम करतो. तो केली म्हणजे रॅफर्टी. जुना ऑस्ट्रेलिया उंबऱ्यावर उभा राहून नव्या पाहुण्याकडे नाक मुरडून पाहत आहे, आणि अखेर बाजूला सरून त्याला आंत घेत आहे. हें काम त्यानें फार गोड केलें आहे.

आतां ब्रोकन हिलकडे वळूं. केनेथ कुक ह्या लेखकाच्या १९६१ च्या कादंबरीवरून टेड कॉचेफ ह्या कॅनेडियन दिग्दर्शकानें ‘वेक इन फ्राइट’ हें चित्र काढलें आणि कादंबरींतील ‘यॅबा’ ह्या खाणींच्या गांवासाठीं जागा निवडली ती ब्रोकन हिलची. एक तरुण शाळामास्तर सुटीला सिडनीस जाण्यासाठीं निघतो, वाटेंत एका रात्रीपुरता ह्या गांवीं उतरतो, नाणीं उडवून खेळावयाच्या जुगारांत सर्वस्व घालवितो, आणि तेथून त्याला बाहेर पडतां येत नाहीं. त्याला कोणी बांधून ठेवीत नाहीं. सगळे त्याला दारू पाजतात, खांद्यावर हात टाकतात, कांगारूंच्या शिकारीस नेतात. ह्या आतिथ्यांतच त्याचा माणूसपणा बुडत जातो.

त्या गांवाचा पोलीस जॉक क्रॉफर्ड हें रॅफर्टीचें अखेरचें काम. गुत्त्यांत मास्तराला प्रथम भेटतो तो हाच, आणि त्याला जुगाराच्या अड्ड्यावर नेतो तोही हाच. चित्रीकरणांत बिनदारूची बिअर त्याला दिली असतां त्यानें ती नाकारून खरीच मागितली, अशी आठवण कॉचेफ सांगत असे. भूमिका लहान आहे, परंतु आम्हीं ती जेव्हां जेव्हां पाहिली तेव्हां अंगावर कांटा उभा राहिला. कारण क्रॉफर्ड दुष्ट नाहीं. तो मॅकअल्पाइनच आहे, पंचवीस वर्षांनीं वयस्क झालेला: तेच किलकिले डोळे, तोच सलगीचा आवाज, तेंच मोजकें बोलणें. युद्धकाळीं ज्या सोबतीच्या भावनेचें राष्ट्रानें गुणगान केलें, तिचा पेला येथें नको म्हणतां येत नाहीं. ज्या गांवीं तो जन्मला, त्याच गांवाच्या माळावर रॅफर्टीनें आपला आयुष्यभराचा चेहरा उलटा करून दाखविला. तो समजून उमजून दाखविला, असें आम्ही मानतों. एवढा अनुभवी नट आपण काय करीत आहों हें जाणल्यावांचून असा हंसत नाहीं.

१९७१ च्या मे महिन्यांत कान येथील महोत्सवांत हें चित्र स्पर्धेंत होतें. त्याच स्पर्धेंत ‘वॉकअबाउट’ हें दुसरें ऑस्ट्रेलियांत घेतलेलें चित्र होतें. तेंही एका परक्याचें, निकोलस रोग ह्या इंग्रजाचें. त्यांत आर्नहेम लँडकडचा डेव्हिड गुल्पिलिल हा आदिवासी मुलगा प्रथमच पडद्यावर आला. श्रेयनामावलींत त्याचें नांव चुकीचें लिहिलें गेलें होतें. पुढें २०२१ सालीं वारेपर्यंतच्या पन्नास वर्षांत ऑस्ट्रेलियाचा पडद्यावरचा चेहरा म्हणून जगानें ज्यांना ओळखलें त्यांत हा मुलगा होता. त्याच मे महिन्याच्या २७ तारखेस रॅफर्टी सिडनी येथें हृदयविकारानें वारला, वय बासष्ट. त्याच वर्षीं त्याला ब्रिटिश सरकारची एम. बी. ई. पदवी मिळाली होती. स्वदेशी चित्रांना पैसा पुरविणारें सरकारी महामंडळ स्थापन झालें तें १९७० सालीं, त्याच्या मृत्यूच्या एकच वर्ष आधीं. मेन्ढपाळांवर, लोकर कातरणाऱ्यांवर, पहिल्या युद्धांतील शिपायांवर ऑस्ट्रेलियनांनीं स्वतः काढलेलीं नांवाजलेलीं चित्रें १९७५ नंतर एकामागून एक आलीं. ‘वेक इन फ्राइट’मध्यें दांडगाईचें काम करणारा तरुण जॅक टॉम्प्सन त्यांत प्रमुख झाला.

‘वेक इन फ्राइट’ पॅरिसला महिनेच्या महिने चाललें. स्वदेशांत मात्र प्रेक्षकांनीं पाठ फिरविली. एका खेळाच्या वेळीं कोणीसा उठून हे आम्ही नव्हेत म्हणून ओरडला, आणि हजर असलेल्या टॉम्प्सननें त्याला खालीं बसविलें, हे आपणच आहों असें म्हणून. पुढें मूळ फिल्मच नाहींशी झाली. चित्राचा संकलक अँथनी बकली ह्यानें वर्षानुवर्षें शोध करून ती अमेरिकेंत पिट्सबर्ग येथें, नष्ट करावयाच्या मालांत पडलेली शोधून काढली, आणि २००९ सालीं दुरुस्त केलेली प्रत पुन्हां कान येथें दाखविण्यांत आली. आज तीच सर्वत्र पाहावयास मिळते. तींत गर्दीनें आणि धुरानें भरलेल्या गुत्त्यांत सर्वांच्या डोक्यांवरून एक डोकें वर दिसतें. तो वांकून मास्तराकडे पाहतो, पेला रिकामा झाला का तें बघतो, आणि दुसरा मागवितो.